समुद्रतळावर भूकंपाचे जोरदार हादरे कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीवरचा भूकंपमापक बहुतेकांनी निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. समुद्राच्या तळाशी, चिखलात बसून, मोठ्या भूकंपाचा हादरा सोसत तो नीट लिहून ठेवणारं यंत्र मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. अशी यंत्रं कशी घडवतात आणि ती कुठे फसतात, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी अडचण तिथेच आहे.

जमिनीवर हजारो यंत्रं असताना समुद्राच्या तळाशी कशाला जायचं?

कारण सर्वांत मोठे भूकंप तिथेच होतात. १९६० चा चिलीचा ९.५ तीव्रतेचा, १९६४ चा अलास्काचा ९.२, २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा ९.१ आणि ११ मार्च २०११ चा जपानचा ९.०, हे सगळे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या सीमेवरचे भूकंप. ही सीमा बव्हंशी पाण्याखाली असते. किनाऱ्यावरची यंत्रं तिच्याकडे एकाच बाजूने बघतात. घरात काय चाललंय ते फक्त रस्त्यावर उभं राहून ऐकावं, तसं हे आहे. आवाज येतो, पण कुठल्या खोलीतून येतो ते सांगता येत नाही.

दुसरं कारण वेळेचं. नुकसान करणारे एस तरंग सेकंदाला साधारण साडेतीन ते चार किलोमीटर वेगाने येतात. भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, किनाऱ्यापासून १०० किलोमीटरवर तुटला तर ते पोहोचायला २५ सेकंदांहून अधिक लागतात. यंत्र भ्रंशाच्या डोक्यावरच बसलेलं असेल तर त्यातला बराचसा वेळ इशाऱ्यासाठी मिळतो. धावती रेल्वे थांबवायला, लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणायला, टेबलाखाली शिरायला हे सेकंद पुरतात.

जोरदार हादऱ्यांचं यंत्र नेहमीच्या भूकंपमापकापेक्षा वेगळं कसं?

नेहमीचा संवेदनशील भूकंपमापक दुसऱ्या खंडातला भूकंपही टिपतो. त्याची हीच संवेदनशीलता जवळच्या मोठ्या भूकंपात त्याच्यावर उलटते. सुई कागदाबाहेर जावी तशी नोंद वरून-खालून कापली जाते आणि ऐन मोक्याच्या मिनिटांत हाती सपाट रेघ येते.

जोरदार हादऱ्यांसाठी त्वरणमापक वापरतात. त्यात एक छोटं वजन विद्युतचुंबकीय बलाने जागच्या जागी धरलेलं असतं. जमीन हलली की वजन मागे राहू पाहतं, विद्युत मंडल त्याला परत जागेवर आणतं, आणि त्यासाठी किती बल लागलं तेच मोजमाप ठरतं. वजन फारसं सरकतच नसल्याने नोंद सहजी कापली जात नाही. गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे 'जी'च्या, दोन ते चार पटींपर्यंत मोजण्याची सोय यात असते. ती चैन नव्हे. २०११ मध्ये जपानच्या त्सुकिदाते इथे जमिनीवर जवळजवळ ३ जी, नेमकं सांगायचं तर २,९३३ गॅल (१ जी म्हणजे सुमारे ९८० गॅल), इतकं त्वरण नोंदलं गेलं होतं.

२०११ च्या त्या भूकंपाच्या दिवशीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भूकंप सुरू झाल्यावर ३ मिनिटांत जपानच्या हवामान संस्थेचा अंदाज आला ७.९. पुढे तो ९.० वर गेला. या दोन आकड्यांतल्या ऊर्जेचा फरक सुमारे ४५ पट आहे. झटपट अंदाजाची ती पद्धत एवढ्या मोठ्या भूकंपाला पुरी पडणारी नव्हती. आणि ज्यांच्या नोंदींवरून त्यानंतरची अधिक भरवशाची गणना व्हायची, त्या देशातल्या संवेदनशील यंत्रांच्या नोंदी कापल्या गेल्या होत्या. त्सुनामीचा पहिला इशारा मियागीसाठी ६ मीटर आणि इवाते व फुकुशिमासाठी ३ मीटर असा गेला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पाणी १० मीटरच्या वर चढलं.

मग जमिनीवरचाच त्वरणमापक जलरोधक डब्यात घालून खाली सोडला तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि या विद्येचं मर्मही यातच आहे. त्वरणमापक स्वतःच्या डब्याचं हलणं मोजतो. आपल्याला हवं असतं जमिनीचं हलणं. जमिनीवर यंत्र काँक्रीटच्या चौथऱ्याला बोल्टने पक्कं बसवतात, म्हणून दोन्ही एकच समजायला हरकत नसते. समुद्रतळावर चौथरा नाही. वरचे काही मीटर बहुतेक ठिकाणी पाण्याने भिजलेला मऊ गाळ असतो. त्यावर ठेवलेला जड डबा खरवसावर ठेवलेल्या वाटीसारखा वागतो. खालून धक्का बसला की तो स्वतःच्याच लयीत डोलतो. ही लय बऱ्याचदा सेकंदाला काही ते काही दहा कंपनांच्या घरात असते, म्हणजे नेमकी इमारती आणि यंत्रसामग्रीसाठी महत्त्वाच्या कंपनांच्या आसपास. नोंद सुरेख दिसते, पण ती भूकंपाची की डब्याची हे वेगळं करणं अवघड जातं.

उंच, अरुंद आणि पाण्याच्या मानाने फार जड यंत्र जास्त डोलतं. म्हणून डबा बसका करतात, तळ रुंद ठेवतात आणि एकूण घनता भोवतालच्या गाळाच्या जवळ आणायचा प्रयत्न करतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे पुरणं. जपानच्या डोनेट या समुद्रतळावरच्या यंत्रांच्या जाळ्यात पाण्याखालच्या रोबोने सेन्सर तळातल्या खड्ड्यात बसवून बुजवले आहेत. मला विचाराल तर सेन्सर दुप्पट महाग घेण्यापेक्षा तो एक मीटर खोल पुरण्यावर केलेला खर्च अधिक कामाचा. गाळावर नुसत्या टेकवलेल्या उत्तम सेन्सरपेक्षा पुरलेला मध्यम सेन्सर जास्त खरं बोलतो.

लांब नळकांड्यासारख्या डब्यांची वेगळीच तऱ्हा. केबलच्या ओळीत बसवायला ते सोयीचे, कारण जहाजावरून केबलबरोबर तेही उलगडत जातात. पण तळावर ते लाटण्यासारखे पडलेले असतात. जोराच्या हादऱ्यात ते स्वतःच्या आसाभोवती थोडे गरगरतात. २०११ च्या भूकंपात केबलला जोडलेली काही यंत्रं अशी फिरली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये फुकुशिमाजवळच्या समुद्रातल्या भूकंपात एस-नेट या जपानच्याच दुसऱ्या जाळ्यातल्या काही यंत्रांच्या बाबतीतही तेच घडलं. शिवाय केबलच्या दिशेतलं हलणं आणि तिच्या आडवं हलणं सारखं नोंदलं जात नाही. एका बाजूला केबलचा ताठपणा असतो, दुसऱ्या बाजूला काहीच नसतं.

यंत्र एखाद्या अंशाने फिरलं किंवा कललं, तर एवढं काय बिघडतं?

फार बिघडतं. त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि हादरा यांतला फरक कळत नाही. तो १ अंशाने कलला की आडव्या सेन्सरवर गुरुत्वाचा छोटासा वाटा पडतो, सुमारे १७ गॅल. जमीन शांत झाली तरी तो तसाच राहतो. आता त्वरणावरून जमीन किती सरकली ते काढायचं तर दोनदा संकलन, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज, करावं लागतं. १७ गॅलची ही खोटी पातळी ६० सेकंद तशीच राहिली, तर हिशेबात जमीन ३०० मीटर सरकलेली दिसते! कल अंशाच्या दहाव्या भागाइतका असला तरी ३० मीटर. इशारा देणारं संगणकीय तंत्र असं सरकणं खरं मानून भूकंपाची तीव्रता अवाच्या सवा फुगवू शकतं.

गंमत अशी की उपायही त्या गुरुत्वातूनच मिळतो. शांत वेळी तिन्ही सेन्सरांवर पडणारे गुरुत्वाचे वाटे पाहिले की यंत्र किती कललं आहे ते अचूक कळतं. भूकंपापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली की ते किती फिरलं तेही समजतं. प्रत्यक्ष हादरत असताना नेमकं कोणत्या क्षणी फिरलं, ते मात्र त्वरणमापकावरून निखळपणे सांगता येत नाही. त्यासाठी घूर्णन, म्हणजे फिरणं, मोजणारा सेन्सर सोबत द्यावा लागतो.

संवेदनशील भूकंपमापकाला झोपाळ्यासारख्या चौकटीत टांगून आपोआप समपातळीत आणतात. जोरदार हादऱ्यांच्या सेन्सरसाठी ती युक्ती धोक्याची असते, कारण चौकटच हादऱ्यात हलेल. त्याला डब्याशी घट्ट आवळून बसवणं आणि कल गणिताने काढून टाकणं हेच बरं.

वरच्या पाण्याचा नोंदीवर परिणाम होतो का?

होतो, पण सगळीकडे सारखा नाही. एस तरंग द्रवातून जात नाहीत, म्हणून आडव्या हलण्यावर पाण्याचा परिणाम अगदी थोडा. उभ्या हलण्याचं तसं नाही. पी तरंग, म्हणजे भूकंपाचे सर्वांत आधी पोहोचणारे दाबाचे तरंग, तळातून पाण्यात शिरतात, पृष्ठभागावरून परततात आणि पुन्हा तळावर येऊन आदळतात. पाण्याच्या थराची स्वतःची एक वारंवारता असते : पाण्यातला ध्वनीचा वेग भागिले खोलीची चौपट. खोली १,५०० मीटर असेल तर ती येते सेकंदाला पाव कंपन. खोली १०० मीटर असेल तर जवळजवळ पावणेचार. या वारंवारतेला तळाचं उभं हलणं जणू दाबलं जातं आणि नोंदीच्या वर्णपटात, म्हणजे कोणती वारंवारता किती जोराची ते दाखवणाऱ्या आलेखात, तिथे खोल खळगा पडतो.

याचा जुना आणि प्रामाणिक अभ्यास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत झाला. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटांजवळ समुद्रतळावर हादरे नोंदवणारी यंत्रं बसवली होती. जमिनीवरच्या नोंदी वापरून समुद्रातले फलाट आखले तर चालेल का, एवढाच साधा प्रश्न होता. डेव्हिड बूर आणि चार्ल्स स्मिथ या संशोधकांनी १९९९ मध्ये त्या नोंदींचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, तेव्हा वीस वर्षांहून जास्त काळ चाललेल्या उपक्रमातून कामाचे म्हणावेत असे ८ भूकंप हाती होते. सहा ठिकाणं, तीव्रता ४.७ ते ६.१. त्यांतले सात भूकंप तर एकेकाच ठिकाणी नोंदले गेलेले! वीस वर्षांची मेहनत आणि आठ भूकंप. या क्षेत्रातला धीर म्हणजे काय ते यावरून कळावं.

निष्कर्ष मोलाचे होते. समुद्रतळावर आडव्याच्या मानाने उभं हलणं जमिनीवरच्या सरासरीपेक्षा खूपच कमी निघालं, विशेषतः झपाट्याच्या कंपनांत. पण त्याचा सगळा दोष पाण्याला देता येत नव्हता. कमी वारंवारतेला, तळाखालच्या ज्या मऊ गाळातून एस तरंग संथपणे जातात तो गाळच जास्त निर्णायक होता. जमिनीवरही तशाच मऊ थरावरच्या ठिकाणी तसंच गुणोत्तर मिळालं.

गाळ हादरा वाढवतो की कमी करतो?

दोन्ही. मध्यम हादऱ्यात मऊ गाळ आडवं हलणं वाढवतो. म्हणूनच समुद्रतळाच्या आडव्या नोंदींवरून काढलेली तीव्रता फुगलेली निघण्याचा धोका असतो, आणि झटपट अंदाजासाठी उभा घटक जास्त भरवशाचा ठरतो. हादरा फार वाढला की गाळाचा ताठपणा घसरतो आणि झपाट्याची कंपनं त्यात विरून जातात. एकाच ठिकाणचा गाळ छोट्या आणि मोठ्या भूकंपात वेगळा वागत असल्यामुळे छोट्या भूकंपांवर बसवलेली दुरुस्ती मोठ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

त्वरणमापकासोबत दाबमापक का असतो?

मुख्य काम त्सुनामीचं. वर पाणी १ सेंटिमीटरने चढलं तरी तळाशी ते कळतं. पण दाबमापक भूकंपाच्या नोंदीचा साक्षीदारही असतो. तळ संथपणे वर-खाली होतो तेव्हा डोक्यावरचं सगळं पाणी त्याच्याबरोबर उचललं जातं, आणि दाब वाढतो तो पाण्याची घनता, खोली आणि उभं त्वरण यांच्या गुणाकाराइतका. खोली २,००० मीटर आणि त्वरण फक्त १ गॅल धरा. दाबातला फरक येतो २०,००० पास्कल, म्हणजे सुमारे २ मीटर पाण्याच्या वजनाएवढा. दोन पूर्णपणे वेगळ्या यंत्रांनी हा हिशेब जुळवून दाखवला तर उभ्या नोंदीवर विश्वास ठेवता येतो. जुळला नाही तर डबा हलला, असं धरून तपास सुरू करावा.

याच आकड्याची दुसरी बाजू अशी की हादरे चालू असताना दाबाची नोंद लगेच त्सुनामी म्हणून वाचायची नसते.

पाण्याचा दाब यंत्र कसं सोसतं?

दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. ६,००० मीटरवर तो सुमारे ६०० वातावरण असतो. सुटी, म्हणजे केबल नसलेली, यंत्रं बहुतेकदा जाड काचेच्या, सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाच्या गोलात बसवतात. काच दाबाखाली फार मजबूत असते, शिवाय गोल तरंगतोही. वर्षानुवर्षं ठेवायच्या यंत्राला टायटॅनियम लागतं, कारण पोलाद खाऱ्या पाण्यात सांध्यांच्या फटींतून कुरतडलं जातं. दाबाचा प्रश्न आता बऱ्यापैकी सुटलेला आहे. गळती होते ती सहसा कनेक्टर आणि सीलच्या रबरी कड्यांपाशी.

खाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही. मग वेळ आणि दिशा कशी कळते?

सुट्या यंत्राचं घड्याळ सोडण्यापूर्वी उपग्रहाशी जुळवतात, वर आल्यावर पुन्हा ताडतात आणि मधला फरक दिवसांवर सारखा वाटून टाकतात. दिवसाला एक हजारांश सेकंदाची चूकही वर्षभरात एक तृतीयांश सेकंदावर जाते, आणि तेवढ्यात पी तरंग दोन किलोमीटर पुढे गेलेला असतो. आता चिपएवढी अणुघड्याळं मिळतात, ती कितीतरी कमी चुकतात. केबलवरच्या यंत्रांना वेळ किनाऱ्यावरूनच मिळते.

दिशेचं म्हणाल, तर पडताना यंत्र कसंही फिरून बसतं. दूरच्या भूकंपांचे पृष्ठतरंग कुठून आले हे आधीच माहीत असतं. त्यावरून किंवा जहाजावरून हवेच्या बंदुकीचे आवाज करून दिशा ठरवतात.

बॅटरीचं सुटं यंत्र चांगलं की केबलवरचं?

हेतू काय त्यावर आहे. सुटं यंत्र जहाजावरून टाकतात, ते नांगराच्या वजनाने तळाशी जातं. काम झालं की ध्वनिसंकेत पाठवतात. तो मिळाला की यंत्र नांगर सोडतं, बरेचदा एक बारीक तार विजेच्या प्रवाहाने खाऱ्या पाण्यात गंजवून तोडतं, आणि वर तरंगत येतं. खर्च कमी, जागा बदलता येते. पण नोंद हाती येते ती महिन्यांनी. इशाऱ्यासाठी ती निरुपयोगी. शिवाय बॅटरी वर्षभरात संपते, मोठा भूकंप मात्र कुणाच्या मोहिमेच्या तारखा पाहून येत नाही.

म्हणून इशाऱ्यासाठी केबल. जपानने १९७९ मध्येच तोकाईच्या समुद्रात केबलवर यंत्रं सुरू केली होती. आज समुद्रतळातल्या नानकाई खाचेवर डोनेटची ५१ स्थानकं आहेत, जपान खाचेच्या बाजूला एस-नेटची १५० स्थानकं सुमारे ५,५०० किलोमीटर केबलवर आहेत, आणि अलीकडे ह्यूगा समुद्रात एन-नेट उभं राहिलं आहे. २०१९ पासून एस-नेटच्या नोंदी राष्ट्रीय भूकंप इशाऱ्यात वापरल्या जातात. जपान खाचेजवळच्या भूकंपांसाठी इशारा जास्तीत जास्त सुमारे २५ सेकंद लवकर मिळू शकतो.

केबलचं दुखणं तिच्या टोकाशी असतं. २०११ मध्ये कामाइशीच्या समुद्रातल्या केबलवरच्या दोन दाबमापकांनी त्सुनामी वाढताना पाहिली. किनाऱ्यापासून ७६ किलोमीटरवरच्या पहिल्या यंत्रापाशी पाणी आधी सावकाश २ मीटर चढलं, मग दोनच मिनिटांत आणखी ३ मीटर. इतकी स्वच्छ नोंद त्याआधी मिळाली नव्हती. थोड्या वेळाने तीच लाट किनाऱ्यावरच्या केबल केंद्रावर येऊन आदळली आणि नोंद तिथेच थांबली. समुद्रतळावरची यंत्रं शाबूत होती. केबल केंद्र उंचावर बांधावं आणि केबलची दोन्ही टोकं वेगवेगळ्या गावी किनाऱ्याला आणावीत, म्हणजे एक तुटलं तरी दुसरीकडून वीज आणि माहिती चालू राहते. नव्या जाळ्यांत ही काळजी घेतली जाते, आणि ती अजिबात काटकसरीची जागा नव्हे.

मासेमारीच्या जाळ्यांचं काय?

तळ खरवडत जाणारी जाळी हा यंत्रांचा मोठा शत्रू. एस-नेटमध्ये १,५०० मीटरपेक्षा उथळ भागात केबल आणि यंत्रं पुरली, ती मुख्यतः त्यासाठीच. पुरल्यामुळे नोंदही सुधारते हा बोनस. पुरता येत नसेल तर उतरत्या बाजूंची ढाल घालतात, म्हणजे जाळं वरून घसरून जातं.

दूरसंचाराच्या केबलच वापरता येणार नाहीत का?

दोन वाटा आहेत. एक, नव्या दूरसंचार केबलमधल्या, संकेताचा जोर वाढवणाऱ्या आवर्धकांतच त्वरणमापक, दाबमापक आणि तापमापक बसवायचे. दुसरी, आहे त्याच प्रकाशतंतूत लेझरचे स्पंद सोडून तो कुठे किती ताणला गेला ते मोजायचं. दुसऱ्या पद्धतीत एका तंतूतून हजारो बिंदूंवरची माहिती मिळते, हे विलक्षण आहे. पण जोरदार हादऱ्यात तंतू इतक्या वेगाने ताणला जातो की प्रकाशाच्या कलेची (तरंग चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्याची) मोजणी चुकते आणि नोंद बिघडते. शिवाय तंतू गाळाला किती चिकटून आहे हा जुनाच प्रश्न इथेही उरतो. मी तरी सध्या याला पुरलेल्या त्वरणमापकाचा जोडीदार मानतो, पर्याय नव्हे.

मोठा भूकंप होईपर्यंत यंत्र नीट चालेल याची खात्री कशी करतात?

कंपन-मंचावर यंत्राला पूर्वीच्या भूकंपांच्या नोंदींप्रमाणे हलवतात. दाबाच्या टाकीत ठेवतात. चिखल भरलेल्या पेटीत ठेवून ते किती डोलतं ते पाहतात. ही शेवटची चाचणी टाळायचा मोह होतो, कारण चिखल दरवेळी वेगळा वागतो आणि निकाल नीटनेटके येत नाहीत. पण तीच सर्वांत जास्त शिकवते.

तळावर बसल्यानंतर रोजचे छोटे भूकंप हीच परीक्षा. एकाच दूरच्या भूकंपाचे लांब तरंग शेजारच्या स्थानकांवर जवळजवळ सारखे दिसायला हवेत. एखादं स्थानक दरवेळी वेगळं बोलत असेल तर त्याची दिशा, कल किंवा बसणी तपासावी लागते. ही तपासणी कंटाळवाणी आहे, वर्षानुवर्षं करावी लागते, आणि तिच्यासाठी निधी मिळवणं नवं यंत्र विकत घेण्यापेक्षा कठीण जातं.

या यंत्रांमुळे भूकंपाचं भाकीत करता येईल का?

नाही. भूकंप सुरू झाल्यानंतर हादरा तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी सूचना मिळते. हा इशारा आहे, भाकीत नव्हे.

या नोंदी सामान्य अभ्यासकाला मिळतात का?

बऱ्याच मिळतात. जपानची भूविज्ञान व आपत्तीनिवारण संशोधन संस्था एस-नेट आणि डोनेटच्या नोंदी नावनोंदणी केलेल्या अभ्यासकांना संकेतस्थळावरून देते. पहिल्यांदा उघडाल तेव्हा तिन्ही घटकांच्या दिशा प्रत्येक स्थानकावर वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा. आधी त्या उभ्या आणि आडव्या दिशांत फिरवून घ्या, मोठ्या भूकंपाची नोंद असेल तर आधीची आणि नंतरची शून्यपातळी ताडून पाहा, आणि मगच संकलन सुरू करा.